जिथं काहीच नाही तो तुकडा

हांसबाईनं कॉम्प्युटरला पहिली शिवी दिली ती त्यानं राणबाईच्या तोंडावर स्वतःचं नाव छापलं म्हणून.

झालं होतं असं. अमासेच्या दुपारी ती आणि राणबाई, दोघी नणंद-भावजया ओसरीवर बसल्या, भजन म्हटलं, फोनवर त्याचा व्हिडिओ घेतला. मग हांसबाईनं तो एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि भाकरी-पाणी सांभाळून दोन-तीन दुपारी त्याच्याशी झटली. सुरुवातीचं शेरडाचं ओरडणं कापलं. शेवटचं "झालं का गं?" कापलं. सगळं मनासारखं झाल्यावर शेवटचं बटण दाबलं, आणि बाहेर आलं काय, तर चित्रावर आडवं, ढळढळीत, त्या कंपनीचं नाव! नेमकं राणबाईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. खाली बारीक अक्षरात विनंती, की नाव पुसायचं असेल तर पैसे भरा.

"फुकट म्हणाला होतास ना रे?" तिनं दिराला, पचाणला, फोनवरच धरलं.

"फुकटच आहे भाभी. फक्त काम बाहेर काढायचं असेल तर—"

"म्हणजे विहिरीत उतरायला फुकट आणि वर यायला पैसे! असल्या मेल्यांना कुणी उभं तरी करतं का दारात?"

पचाण राहतो गावातच, दुसऱ्या गल्लीत, आणि भुजमध्ये लग्नांचे व्हिडिओ काढतो. खांद्यावर मोठा कॅमेरा आल्यापासून त्याला जगातलं सगळं कळतं. त्यानं सांगितलं की खरं सॉफ्टवेअर एकच, तो वापरतो ते. आणि त्याचं दर महिन्याला भाडं भरायचं. हांसबाईला आधी वाटलं आपण चुकून ऐकलं. भाडं घराचं असतं, दुकानाचं असतं. भजनातलं शेरडू कापायला भाडं?

"आणि एखाद्या महिन्यात नाही भरलं तर?"

"तर ते उघडत नाही."

"आणि आत ठेवलेलं माझं भजन?"

पचाणनं यावर खोकून दाखवलं. हांसबाईनं फोन ठेवला.

तिचं हे घर विणकरांचं. नवरा हमीर सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो जेवायलाच वर येतो, आणि दिवसभर ठकाक-ठकाक चालू असतं. माग बंद फक्त अमासेला. म्हणून भजन घ्यायचं तेही अमासेलाच. महिन्यात एकच दुपार मिळते, ती हुकली की गेला महिना. असं असताना कुणी त्या दुपारीवर आपलं नाव छापून ठेवावं, म्हणजे तळपायाची आग मस्तकात जाणारच की.

आणि छापलं तेही कुणाच्या तोंडावर! राणबाई हमीरची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, तशी माहेरी आली ती इथलीच झाली. तिचा गळा लहानपणापासून बसका. मांडणबापा, म्हणजे तिचा बाप, गावातला मोठा भजनिक. त्यानं लेकीच्या मांडीवर आपला संतार, भजनाखाली एकच सूर धरून ठेवणारं ते वाद्य, ठेवला आणि म्हणाला, "गळा नाही दिला तर नाही दिला. बोट गाईल तुझं." पाच तारा, एक बोट. बापा गेला तेव्हा मंडळीतल्या पुरुषांनी तो संतार मागितला. राणबाईनं दिला नाही. मग सुरू झाली कुजबुज. बाईच्या हातात संतार? धरता तरी येतो का? शोभेला घेऊन बसते! राणबाई कुणाशी भांडली नाही, वाजवत राहिली. वीस वर्षं ती वाजवते आणि हांसबाई गाते, आणि आजही पाटाच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या पूजेच्या, भजनाला दोघींना शेवटच्या रांगेत, चपलांजवळ जागा मिळते. म्हणून तर हा फोनचा खटाटोप. फोनवर कुणी चपलांजवळ बसवत नाही.

फोनवर भजनांचं चॅनल सुरू झाल्यावर मुंबईतले नातेवाईक ऐकू लागले, पार सरहद्दीपलीकडचे, उमरकोटकडचेही ऐकू लागले. ऐकायचे आणि लिहायचे, "खरखर फार येते." वारा तो, कच्छचा! त्याला काय दार लावून घेता येतं? पण हांसबाईच्या जिवाला ती खरखर लागली.

पचाणचं भाडं नको म्हणून ती भुजच्या एका दुकानात गेली. दुकानदारानं खाली वाकून, हळूच, महागातल्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत दिली. तिनं घरी येऊन ती घातली, आणि दुसऱ्या दिवशी हमीरचं अहमदाबादचं गिऱ्हाईक शाली बघायला बसलेलं असताना कॉम्प्युटरवर आपोआप एक उघडीवाघडी बाई आली आणि हसायला लागली. हमीरनं अंगावरची शाल काढून पडद्यावर टाकली. गिऱ्हाईक म्हणालं, "हीच दाखवा ना, ही शाल बरी आहे." राणबाई आतल्या खोलीत हसून हसून आडवी झाली. हांसबाई मात्र हसली नाही. चोरी केली तिनं, मान्य. पण जे आधीच लुटायला बसलेत त्यांच्याकडून चोरलेलंही धड निघू नये?

शेवटी सुधारलं ते उमरकोटच्या पूंजोमुळे. पूंजो नात्यानं तिचा मामेभाऊ लागतो. प्रत्यक्ष कधी भेट नाही, भेट व्हायची सोयच नाही. पण तोही घरात बसून भजनं भरतो. त्यानं बोलून निरोप पाठवला. तिकडं बहिणीला अदी म्हणतात.

"अदी, चकचकीत दिसतं ते घेऊ नकोस. कुठलंही घेतलंस तरी आधी दोन ओळींचं भजन त्यात घाल आणि सरळ शेवटचं बटण दाबून बघ. पाहुणा कसा आहे ते जेवताना नाही, निघताना कळतं. आवाजाचं एक वेगळं घे, चित्राचं वेगळं घे, दोन्ही साधी, दोन्ही फुकट. आणि सुरू करताना मंजिरा एकदा जोरात वाजव. चित्रात मंजिरे भिडताना दिसतील, आवाजात टण्ण ऐकू येईल, दोन्ही एकावर एक बसव. की झालं."

पुढच्या अमासेला हांसबाईनं तसंच केलं. पूंजोनं नावं सांगितलेली दोन्ही सॉफ्टवेअरं दिसायला अगदी दरिद्री, राखाडी, सरकारी कपाटासारखी. पण शेवटचं बटण दाबलं तर भजन जसंच्या तसं बाहेर आलं. कुठं नाव नाही, कुठं हात पसरलेला नाही. हांसबाईनं कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावायचंच बाकी ठेवलं.

तिथंच थांबली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण त्या राखाडी सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढायचीही सोय होती. हांसबाई गुजराती सातवी. इंग्रजी अक्षरांवर फोन धरायचा, फोन त्याचं गुजराती करून दाखवतो, असं तिचं चालायचं. फोननं दाखवलं, की जिथं काहीच नाही असा एक तुकडा निवडा, म्हणजे तसलं सगळीकडून काढून टाकता येईल.

जिथं काहीच नाही. आता भजनाच्या घरात विचारा, भजन कधी सुरू होतं? साखी, म्हणजे भजनाआधीचा दोहा, म्हटली की. त्याच्या आधी संतार कितीतरी वेळ नुसता वाजत असतो. लोक येतात, बसतात, चहाच्या बशा फिरतात, कुणाच्या म्हशीचं विचारलं जातं, आणि कुणी नवा माणूस दारातून डोकावून म्हणाला, "सुरू झालं का?" तर उत्तर येतं, "छे, अजून काही नाही." संतार वाजत असतो तरी काही नाही! हांसबाई त्याच घरातली. तिनं साखीच्या आधीचा तुकडा धरला, जिथं राणबाईचं बोट एकटंच चाललं होतं, आणि बटण दाबलं.

वारा गेला. खरखर गेली. आणि त्या वाऱ्याबरोबर पाचही तारा गेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. राहिला हांसबाईचा गळा, थोडा पाण्याखालून आल्यासारखा, आणि मंजिरे.

तुम्ही म्हणाल, तिला ऐकू आलं नाही? नाही आलं. एक तर फोनचा तो एवढासा आवाज, शेजारी हमीरचा माग. आणि दुसरं म्हणजे वीस वर्षं ज्या आवाजावर पाय ठेवून ती गात आली, तो बाहेर असो-नसो, तिच्या कानात असतोच. तिनं ऐकलं, खूष झाली आणि भजन चॅनलवर चढवलं. राणबाई त्या आठवड्यात धाकट्या बहिणीकडं अंजारला लग्नाला गेली होती.

आणि ते भजन चाललं! आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त. "आवाज किती स्वच्छ!" "आता खरी मजा आली!" "एकदम स्टुडिओ!" पचाण मोटारसायकल काढून पेढे घेऊन आला. मांडवीकडच्या एका मोठ्या भजन मंडळाचा फोन आला, की बीजेच्या, म्हणजे अमासेनंतरच्या द्वितीयेच्या, पाटाला हांसबाईनं गायला यावं, पुढं, मुख्य बैठकीत. वाजवणारे आमच्याकडं आहेत, तुम्ही फक्त गळा घेऊन या. हांसबाईनं ते शेवटचं वाक्य आनंदाच्या भरात नीट ऐकलंच नाही.

राणबाई अंजारहून आली ती कुणाशी न बोलता आत गेली. संतार खुंटीला टांगला, त्यावर बापाचा जुना फेटा टाकला आणि हमीरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली.

"काय झालं, बेन?"

"काय व्हायचंय?"

"लग्नात कुणी काही बोललं का?"

"लग्नात लोक बोलतातच."

पुढचे दिवस हे असेच गेले. रोटला खाल्ला, ताक प्यायली, कांड्या भरल्या. फेटा तसाच. अमास आली, माग थांबला, हांसबाईनं ओसरी झाडून फोन काठीला बांधला आणि हाक मारली, तेव्हा कुठं राणबाईनं मान वर केली.

"मी कशाला? नुसतं बोट हलवायलाच हवंय ना? कुणीही हलवील. पचाणला बसव."

"असं काय बोलता, बेन!"

"मग कसं बोलू? हळदीच्या मांडवात चाळीस बायका होत्या. विहिणीच्या पोरीनं तुझं ते भजन लावलं मोठ्या स्पीकरवर. मीच म्हटलं लाव, माझ्या भावजयीचं आहे. आणि सगळ्यांनी बघितलं, मी संतार घेऊन बसलेय, बोट हलतंय, मान डोलतेय, आणि आवाज नाही. मुकी! विहीण म्हणाली, 'अगंबाई, राणबाई, तू नुसती फोटोला बसतेस होय?' सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?"

हांसबाईचा विश्वास बसेना. ती तशीच उठली, पचाणच्या घरी गेली, त्याचे कानाला लावायचे मोठे हेडफोन त्याच्या डोक्यावरून ओढून घेतले आणि ते भजन लावलं. साखी आली. साखीच्या खाली काही नव्हतं. भजन आलं, त्याच्याही खाली काही नव्हतं. तिचा गळा एकटाच चालला होता, आंधळ्याची काठी काढून घ्यावी तसा.

मग ती जी कडाडली! आधी पचाणवर. "तू ऐकलं होतंस! हेच कानाला लावून ऐकलं होतंस! पेढे घेऊन आलास! तुला कळलं नाही तुझी बहीण त्यात नाही ते?"

"कळलं होतं," पचाण गोंधळून म्हणाला. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम काढलं. चांगलंच वाटतंय की भाभी. ती भुणभुण गेल्यावर गळा कसा मोकळा—"

"भुणभुण? बापाचा संतार भुणभुण? त्याच संतारावर मांडणबापानं तुम्हा चौघा भावंडांना जेवू घातलं दुष्काळात, ते विसरलास? कॅमेरा खांद्यावर आला म्हणून कान गहाण टाकलेस काय रे?"

त्याच्या बायकोनं चहा पुढं केला, तो तिनं घेतला नाही. मग वाटभर कॉम्प्युटरला शिव्या. ज्यानं बनवलं त्याला, त्याच्या सात पिढ्यांना. माणूस आणि वारा यातला फरक कळत नाही त्या मशीनला? संतार ओळखता येत नाही? मग कशाला हात लावतोस दुसऱ्याच्या ताटाला? जे सारखं एका जागी उभं राहून आधार देतं, ते यांच्या हिशेबी कचरा! गावाच्या पाटाला बसणारे पुरुष तसेच, मांडवातल्या विहिणी तशाच, आणि आता हेही तसंच!

घराच्या फाटकापर्यंत ती अशी बोलत आली आणि तिथं तिचे पाय थांबले. कारण मशीननं तर विचारलं होतं. साध्या शब्दांत विचारलं होतं, की जिथं काहीच नाही तो तुकडा दाखव. दाखवला कुणी?

राणबाई ओसरीवर तशीच बसली होती. हांसबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"बेन, मशीननं नाही काढलं. मी काढलं. त्यानं विचारलं काहीच नाही असं कुठंय, आणि मी तुमचा संतार दाखवला. साखीच्या आधीचा. मला वाटलं तिथं अजून काही सुरूच झालं नाही."

राणबाईनं हातातल्या कांडीचं सूत तोडलं.

"वीस वर्षं," ती म्हणाली, "मी म्हणत होते, पुरुषांना ऐकू येत नाही, जाऊ दे. लोकांना येत नाही, जाऊ दे. हांसीला ऐकू येतंय ना. तेवढं पुरे."

हांसबाई रडली. राणबाईनं तिला रडू दिलं, समजूत काढली नाही. का काढावी?

संध्याकाळी पचाण धावत आला तोवर हांसबाईनं ते भजन चॅनलवरून उतरवलं होतं. पचाणनं कपाळावर हात मारला. "भाभी, लोकांनी सगळ्यात जास्त ऐकलेलं तेच होतं! बीज परवावर आलीय, मंडळवाले काय म्हणतील?"

"तेच विचारते," म्हणून तिनं त्याच्यादेखत मंडळाला फोन लावला. आम्ही दोघी येतो, म्हणाली, पुढं बसवणार असाल तर दोघींना बसवा. पलीकडचा माणूस गोड बोलला, पण वाजवायला आमचे आहेत हेच पुन्हा म्हणाला, आणि वर म्हणाला की बाईनं संतार धरलेला आमच्याकडं बरा दिसत नाही. "मग डोळे मिटून ऐका," हांसबाई म्हणाली. "आणि तेही जमत नसेल तर तुमच्या वाजवणाऱ्यांनाच गायला लावा." तिनं फोन बंद केला. मुख्य बैठक गेली. हमीर आतून सगळं ऐकत होता, तो फक्त म्हणाला, "बरं केलंस."

मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं. तिनं त्याला कुठं हात लावला नाही. मंजिऱ्याच्या टण्णवर चित्र आणि आवाज जुळवला, तेवढंच. वारा, याही वेळी ओरडलेलं शेरडू, याही वेळचं "झालं का गं?" आणि साखीच्या आधीचा तो लांबच लांब संतार, सगळ्यासकट चढवून दिलं. राणबाईला सांगितलं. राणबाई "बरं" म्हणाली आणि कांड्या भरत राहिली. फेटा खुंटीवर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी लिहिलं. नाव ओळखीचं नव्हतं. "ताई, गळा छान आहे, पण मागे सारखी कसली तरी भुणभुण येते. आजकाल सोपं आहे, साफ करून टाका."

हांसबाई भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन घेतला आणि एक-एक अक्षर दाबत लिहू लागली. राणबाईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "एवढं काय लिहितेस रागानं?"

"एक जण म्हणतोय, मागची भुणभुण काढून टाका."

"मग? तू काय लिहिलंस?"

हांसबाईनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "ती भुणभुण नाही. ती माझी नणंद आहे, राणबाई मांडण. वीस वर्षं ती वाजवते म्हणून मी गाते. तुला ऐकू येत नसेल तर कान साफ करून टाक. तेही सोपं आहे."

आत माग चालूच होता. राणबाईनं मांडीवरच्या कांड्या खाली ठेवल्या, लुगड्याला हात पुसले आणि खुंटीकडं बघितलं.

"काढ तो खाली," ती म्हणाली. "इतके दिवस टांगलाय, तारा उतरल्या असतील."